बारा मिलिमीटर

ब्लॉक मिळाला कुर्ल्याच्या भंगारात,
जुन्या टॅक्सीचा, नंबर घासून गेलेला.
चारी बोअर अंडाकृती,
वर्षानुवर्षं एकाच कुशीवर निजून
गादीला खळगा पडावा तसे.
इग्नेस किणीने आत बोट फिरवलं.
"हे बघ शालन, धक्का इकडेच खाल्लाय सगळा.
दांडा आखूड होता बिचाऱ्याचा."

तेव्हापासून हे खूळ.

दांडा लांब केला की कमी कलतो,
कमी कलला की पिस्टन भिंतीला कमी रेटतो.
शास्त्र एवढंच. बाकी सगळं लेथ.
पण क्रँक तीच, ब्लॉकची उंची तीच,
मग वाढलेले बारा मिलिमीटर ठेवायचे कुठे?
आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत
थोरल्याच्या लग्नाआधी पोटमाळा काढला, तसंच:
पिन वर सरकवायची पिस्टनच्या पोटात,
रिंगांनी अंग चोरून बसायचं.

रॉड आणले दारूखान्यातून,
फोडलेल्या बोटीच्या जनरेटरचे.
मोठा डोळा जाड होता,
मुनव्वरने दोन्ही अंगांनी थोडा थोडा खाल्ला,
छोट्या डोळ्यात काशाचा बुश ठोकला
आणि हात पुसत विचारलं,
"एवढं करून मिळणार काय?"
इग्नेस ऐकू न आल्यासारखा
बिडी शोधत राहिला.

मी एकतीस वर्षं गेज-रूममध्ये काढली, विक्रोळीला.
मायक्रोमीटर अजून कपाटात आहे, साडीच्या घडीत.
"तू मोज," तो म्हणतो,
"माझा हात आता आकडा धरत नाही."

वजनाचा बारीक काटा मात्र नव्हता दोघांकडे.
म्हणून चार रॉड फडक्यात गुंडाळून
रायकर सराफांच्या पेढीवर नेले.
बांगड्या बघणारी बाई जरा सरकून बसली.
पहिला सहाशे बारा ग्रॅम,
दुसरा सहाशे बारा,
तिसराही. चौथा सहाशे पंधरा.
"घडणावळ किती लावू?" रायकर म्हणाले.
चौथा परत आणला. कानस, मग पॉलिश पेपर,
पुन्हा पेढी, पुन्हा कानस.
तिसऱ्या खेपेला त्यांनी चहा सांगितला
आणि चष्मा लावून स्वतःच काट्याकडे बघत राहिले.

एका दुपारी वीज गेली, लेथ थांबलं,
तेव्हा इग्नेस म्हणाला,
लांब दांड्याचा पिस्टन
वरच्या टोकाला जरासा जास्त रेंगाळतो.
किती?
मी पुठ्ठ्यावर कोन मांडून काढलं.
डोळ्याचं पातंही तेवढ्यात मिटणार नाही.
त्याला ते आकडे नकोच होते.
त्याने तळहात हळूहळू वर नेला,
छातीपाशी, हनुवटीपाशी, कपाळापाशी,
आणि तिथे धरून ठेवला.
थरथरत होता,
पण वीज येईपर्यंत खाली आला नाही.

बोल्ट मी आवळले. टॉर्क पाना कट् म्हणाला की पुढचा.
एक, तीन, चार, दोन,
पाढा चुकल्यासारखी ती ठिणग्यांची रांग
घरी भात निवडताना तोंडात यायला लागली.
सूनबाई म्हणाली, आई, काय मोजताय?

रविवारी पहाटे, गल्ली उठायच्या आत, सेल्फ मारला.
नाही. पुन्हा. नाही.
वितरक अर्धा दात फिरवला. पुन्हा.
मग लागलं, असं लागलं
की पत्र्यावरची मांजर थेट मशिदीच्या बाजूला गेली.

इग्नेसने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलं,
मूठ कानाला.
पहिली भिंत ऐकली. दुसरी. तिसरी.
चौथीशी सगळ्यात जास्त वेळ वाकून राहिला.

"काय म्हणते?"

"काही म्हणत नाही," तो म्हणाला,
आणि तसाच वाकलेला राहिला,
टॅपेट कव्हरखालून तेलाचा थेंब
चपलेवर पडेपर्यंत.

"दहाचा पाना दे."